बोटं आली का?

क्लोरोफॉर्म पिपेटमध्ये थांबत नाही. पाणी कसं शहाण्यासारखं वर ओढलं की बसून राहतं, तसं याचं नाही. ओढला की लगेच टपटप गळायला लागतो. बाटलीपासून नळीपर्यंत हात न्यायचा, तेवढ्यात दोन-तीन थेंब टेबलावर. पहिल्या आठवड्यात मला वाटलं पिपेटच बिघडलंय. मी दुसरं घेतलं, तेही बिघडलेलं. लॅबमधले मामा कोपऱ्यात काचेच्या नळ्या विसळत होते. तिथूनच म्हणाले, "ताई, आधी दोन-तीनदा आत-बाहेर करा. आत वाफ भरू दे. मग नाही गळणार." केलं, आणि खरंच थांबलं. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झाल्यावर मी पुण्यातल्याच एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले. काम थोडक्यात असं, की रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेली कॅन्डिडा नावाची बुरशी वाढवायची, तिच्या पेशींतले लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ बाहेर काढायचे, आणि त्यात काय काय आहे ते बघायचं. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बुरशीला कसली आलीय चरबी!"

आईचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. चरबी म्हटलं की आपल्याला पोट आठवतं, पण प्रत्येक जिवंत पेशीभोवती जो पातळ पापुद्रा असतो तो मुख्यतः लिपिडचाच. आपल्या पेशींच्या पापुद्र्यात कोलेस्टेरॉल असतं. बुरशीच्या पापुद्र्यात त्याच जागी एर्गोस्टेरॉल असतं. हे नाव अर्गट या राय धान्यावरच्या बुरशीवरून आलंय. तिच्यातूनच ते 1889 साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. दोघांत फरक अगदी थोडा, दोन-तीन बंधांचा. पण आपल्याकडची बुरशीवरची बहुतेक औषधं या एवढ्याशा फरकावर उभी आहेत. जिवाणू आपल्यापेक्षा इतके वेगळे असतात की त्यांना मारायला हजार वाटा सापडतात. बुरशी मात्र पेशीच्या हिशेबाने आपली चुलतबहीण. तिला मारायला गेलं की आपल्यालाही लागतं. फ्लुकोनॅझोल एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही, आणि अँफोटेरिसिन तयार झालेल्या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, त्यात 19 नावं आहेत आणि सगळ्यात वरच्या गटात आमची कॅन्डिडा अल्बिकन्सही आहे. तिच्यासाठी हाताशी असलेली औषधं मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतात.

अँफोटेरिसिन हे नाव आमच्या घरात मी या लॅबमध्ये येण्याच्या आधीच येऊन गेलं होतं. 2021च्या मे महिन्यात मोठ्या काकांना कोविडनंतर म्युकर झाला. डावा गाल सुजला, दात हलायला लागले. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं आणि ते शहरात कुठे मिळेना. चुलतभाऊ सकाळपासून रात्रीपर्यंत फोन लावत होता, एका यादीतून दुसऱ्या यादीत नाव घालत होता. मिळालं शेवटी. पिवळ्या रंगाचं औषध, कुपीवर 'लायपोसोमल' असा शब्द. तेव्हा तो शब्द मी नुसता वाचला. पुढे कळलं की औषध चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यांत भरलेलं असतं, म्हणजे मूत्रपिंडाला कमी मार बसतो. आणि त्या बुडबुड्यांत कोलेस्टेरॉलही असतं. चरबी फोडणारं औषध चरबीतच गुंडाळून द्यायचं. काका वाचले. वरच्या जबड्याची डावी बाजू काढावी लागली. अजूनही ते पोळी दुधात कुस्करून खातात.

तर मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "बुरशीच का?" तेव्हा मी काकांचं काही बोलले नाही. "विषय इंटरेस्टिंग आहे," असं काहीतरी म्हणाले. सगळेच म्हणतात तसं.

आमच्याकडे एका रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी विभागातून आलेल्या चोवीस कॅन्डिडा होत्या, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, छोट्या नळ्यांत. नाव नाही, गाव नाही, फक्त आकडा. एक ते चोवीस. पंचविसावी एससी 5314, जगभर तुलनेसाठी वापरतात ती कॅन्डिडा. काम सुरू करताना आगरवर, म्हणजे जेलीसारख्या थिजवलेल्या खाद्यावर, तिची एक रेघोटी ओढायची. दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाच्या, गुळगुळीत, फुगीर वसाहती उगवलेल्या दिसतात. वास इडलीच्या आंबलेल्या पिठासारखा. पहिल्यांदा मला चक्क भूक लागली होती. मग त्यातली एक वसाहत उचलून द्रवात टाकायची आणि रात्रभर तीस अंशांवर शेकरमध्ये हलवत ठेवायची.

तीस म्हणजे तीसच. पेशीतलं लिपिड हवामानाप्रमाणे बदलतं. जानेवारीत पुण्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि करडईचं तेल तसंच वाहतं राहतं, तोच हिशेब. गारवा वाढला की बुरशी आपल्या पापुद्र्यात न थिजणारी, असंतृप्त मेदाम्लं वाढवते. वाढीच्या कुठल्या टप्प्यावर पेशी उचलल्या, यानेही आकडे बदलतात. त्यामुळे एका गुरुवारी वीज गेली, शेकर दोन तास थांबला, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमनी सहाच्या सहा फ्लास्क ओतून द्यायला लावले. जनरेटर होता, पण तो फक्त फ्रीजरांसाठी. त्यानंतर मी गुरुवारी काही वाढायला टाकलं नाही. पुण्यात राहणाऱ्याला याचं कारण वेगळं सांगायला नको.

पेशी गोळा झाल्या की खरी मेहनत सुरू. कॅन्डिडाच्या पापुद्र्याबाहेर एक जाड भिंत असते, ग्लुकन, कायटिन आणि मॅनन यांची. कायटिन म्हणजे खेकड्याच्या कवचात असतं ते. नुसतं द्रावक ओतून ही भिंत नीट फुटत नाही. काचेचे बारीक मणी घालायचे, साखरेच्या दाण्याएवढे, आणि व्हॉर्टेक्स या घुसळणाऱ्या यंत्रावर नळी दाबून धरायची. तीस सेकंद घुसळायचं, तीस सेकंद बर्फात. असं दहा वेळा. नळ्या सहा. संध्याकाळी बसमध्ये वरची दांडी पकडली की हात आपोआप थरथरायचा. शेजारच्या लॅबमध्ये हे काम करणारं यंत्र होतं, पण ते मागायला गेलं की त्यांच्या सरांची सही, मग आमच्या मॅडमची सही, मग यंत्र दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं. हातानेच बरं.

मग क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल. आमची पद्धत ब्लाय आणि डायर या दोघांची, 1959 सालची. गोठवलेल्या माशातली चरबी कशी बिघडते हे शोधताना कॅनडात त्यांनी ती बसवली. माशासाठी केलेली पद्धत आज मेंदूपासून बुरशीपर्यंत सगळ्याला चालते, याचं मला अजून नवल वाटतं. क्लोरोफॉर्म एक भाग, मिथेनॉल दोन भाग, पाणी पाऊण भागाच्या जरा वर. एवढं असलं की तिन्ही एकजीव होतात आणि लिपिड सुटून येतं. नंतर आणखी क्लोरोफॉर्म आणि पाणी घातलं की तेच मिश्रण फाटतं, दूध नासावं तसं. वर पाणी-मिथेनॉलचा थर, खाली जड क्लोरोफॉर्म, आणि दोन्हींच्या मधोमध प्रथिनांची पांढरी चकती. लिपिड खाली. म्हणजे वरचा थर आणि चकती भेदून तळापर्यंत जायचं, आणि तेही वरचं काही न उचलता. याची युक्ती अशी की पाश्चर पिपेटचा रबरी फुगा हलका दाबून, बुडबुडे सोडत सोडत खाली उतरायचं. म्हणजे वाटेत आत काही शिरत नाही. तळाला पोचलं की थांबायचं, श्वास रोखायचा, आणि हळू सोडायचं. पहिल्या महिन्यात माझ्या प्रत्येक नळीत चकतीचा तुकडा यायचाच. सगळं झालं की नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली क्लोरोफॉर्म उडवायचा. शेवटी नळीच्या बुडाला उरतो फिकट पिवळा, बोट लावलं तर पुसला जाईल इतका पातळ थर. लिटरभर कढत्या मेहनतीचं चमचाभरही नाही असं तूप.

आणि बोट लावायचं नाही. हे मला टीएलसीने शिकवलं. टीएलसी म्हणजे सिलिका लावलेल्या पत्र्यावर लिपिडचे ठिपके ठेवायचे, पत्रा द्रावकाच्या टाकीत उभा करायचा, आणि द्रावक वर चढताना वेगवेगळी लिपिडं वेगवेगळ्या उंचीवर सुटतात. मग आयोडीनच्या बरणीत ठेवलं की पिवळट-तपकिरी डाग उमटतात. सगळ्यात वर स्टेरॉल एस्टर, मग ट्रायग्लिसराइड, त्याखाली मोकळी मेदाम्लं, मग एर्गोस्टेरॉल. आणि फॉस्फोलिपिड, म्हणजे पापुद्र्याची मुख्य लिपिडं, जिथे ठेवली तिथेच बसून. माझ्या पहिल्या पत्र्यावर याशिवाय उजव्या कडेला एक सुबक अंगठा उमटला होता. रेषांसकट. त्वचेचं तेल आयोडीनला बुरशीच्या तेलाइतकंच आवडतं. मॅडमनी तो पत्रा फेकू दिला नाही. फ्यूम हूडच्या काचेवर चिकटवून ठेवला, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला दाखवायच्या. आयोडीन आठवड्याभरात उडून जातं म्हणून बरं.

पण अंगठा परवडला. पुढची चूक मी चांगले बारा दिवस मिरवली.

फॉस्फोलिपिडसाठी नमुने मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, जायचे होते. ती सोय बाहेरच्या एका केंद्रात, स्लॉट घेऊन, पैसे भरून. तयारीच्या दिवशी काचेच्या नळ्या कमी पडल्या. मामा रजेवर, धुतलेल्या नळ्या संपलेल्या. मी शेवटचे सहा नमुने प्लास्टिकच्या छोट्या नळ्यांत भरले. रोज वापरतो त्याच, निर्जंतुक केलेल्या, स्वच्छ. निकाल आला तेव्हा त्या सहांच्या आलेखात 338 या वस्तुमानाला एक टोलेजंग टोक. बाकीच्या नमुन्यांत नाही. सहाही नमुने अशा कॅन्डिडांचे, ज्यांच्यावर फ्लुकोनॅझोल चालत नव्हतं. क्रमच तसा लावलेला होता. मी दोन दिवस पुस्तकं चाळली. बुरशीच्या लिपिडच्या कुठल्याच तक्त्यात ते बसेना. मग मला वाटायला लागलं की औषधाला दाद न देणाऱ्या बुरशीत हे काहीतरी नवीन आहे. मैत्रिणीला सांगितलं. आईला सांगितलं. मॅडम गावाला गेल्या होत्या. त्या परत यायच्या आत मी चार स्लाइड करून ठेवल्या.

मॅडमनी पहिल्या स्लाइडवरच विचारलं, "ब्लँक कुठल्या नळीत होता?"

ब्लँक म्हणजे ज्यात बुरशीच घातलेली नाही अशी नळी. बाकी सगळं तेच. "काचेच्या," मी म्हणाले.

"आणि हे सहा?"

मी गप्प.

"रिकाम्या प्लास्टिकच्या नळीत क्लोरोफॉर्म घाल, हलव, आणि तोच पाठव."

पाठवला. बुरशीचा कण नसलेल्या त्या क्लोरोफॉर्ममध्ये 338 तसंच ताठ उभं होतं. इरुकामाइड. प्लास्टिकच्या वस्तू साच्याला आणि एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यात घालतात तो निसरडा पदार्थ. क्लोरोफॉर्म तो सहज ओढून घेतो. तो ज्या इरुसिक आम्लापासून बनतो ते मोहरीच्या तेलात भरपूर असतं. लॅबमध्ये पुढे कितीतरी दिवस मला कुणी ना कुणी विचारायचं, "काय गं, आज फोडणी कशाची?"

नळ्या काचेच्या, झाकणाच्या आत टेफ्लॉन, आणि प्रत्येक खेपेला ब्लँक. तेव्हापासून मी मामांच्या रजेची तारीख माझ्या वहीत लिहून ठेवते.

या सगळ्यात रोजच्या रोज करायची सोपी तपासणी एकच होती, आणि गोष्ट खरी तिथलीच आहे. पेशी दारूतल्या कॉस्टिक पोटॅशमध्ये तासभर 85 अंशांवर शिजवायच्या. साबण करतात तीच क्रिया. मेदाम्लांचा साबण होऊन तो पाण्यात राहतो आणि एर्गोस्टेरॉलसारखी स्टेरॉल मोकळी होतात. मग वर हेप्टेन घालून हलवलं की स्टेरॉल हेप्टेनमध्ये चढतात. तेवढं हेप्टेन स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवून अतिनील किरणांत 240 ते 300 नॅनोमीटरपर्यंत बघायचं. एर्गोस्टेरॉल असेल तर पडद्यावर चार उंचवटे येतात: 262, 271, 282 आणि 293च्या आसपास. मधले दोन उंच, कडेचे ठेंगणे. हाताची चार बोटं जुळवून उभी धरावीत तसे. आमच्याकडे कुणी "एर्गोस्टेरॉल आहे का" असं विचारायचंच नाही. "बोटं आली का?" एवढंच.

चोवीसपैकी तेवीस जणींची बोटं आली. कुणाची जाड, कुणाची बारीक. पंधरा नंबरची आली नाहीत. नुसती सपाट रेघ.

इरुकामाइड ताजं होतं. त्यामुळे चूक माझीच, हे मी ठरवूनच टाकलं. हेप्टेन नीट हलवलं नसेल. पोटॅश जुनं असेल. पुन्हा केलं, सपाट. नवीन पोटॅश आणून केलं, सपाट. नळीला फॉइल गुंडाळून केलं, कारण एर्गोस्टेरॉलला उजेड सोसत नाही. अतिनील किरणांत त्याचं ड-2 जीवनसत्त्व होतं, आणि या अशा शोधांबद्दल विंडाउस यांना 1928 साली नोबेल मिळालं होतं. फॉइलमध्येही सपाट. टीएलसीवर मात्र स्टेरॉलच्या जागी चांगला ठसठशीत डाग येत होता. मी म्हटलं डाग कसलाही असू शकतो. अंगठ्याचाही असतो.

चौथ्या दिवशी मॅडमनी वही मागितली. चारही प्रयत्न वाचले. "चौघांतही ब्लँक ठीक आहे, एससी 5314ची बोटं ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "मग तुझा हात याच नळीला कसा काय चुकतो?"

"माहीत नाही, मॅडम."

"अर्धी एससी, अर्धी पंधरा. एका नळीत. शिजव."

त्या एका नळीने मला सोडवलं. बोटं आली, बरोब्बर अर्ध्या उंचीची. म्हणजे पंधरा नंबरच्या पेशींत एर्गोस्टेरॉल खाऊन टाकणारं काही नव्हतं, माझं हलवणं ठीक होतं, पोटॅश ठीक होतं. पंधरा नंबरमध्ये एर्गोस्टेरॉलच नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. आली ती भीती. आता हे चुकलं तर?

जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वाफेत वेगळे करून एकेकाचं वस्तुमान सांगणारं यंत्र. त्याचा स्लॉट तीन आठवड्यांनी मिळाला. तिथे स्टेरॉल आधी सिलिलेशन करून न्यावं लागतं, म्हणजे ती वाफेत सहज जातात. मोजमापासाठी प्रत्येक नमुन्यात ठरावीक कोलेस्टेरॉल घातलं होतं. आपल्याला नकोसं असलेलं कोलेस्टेरॉल इथे फार कामाचं, कारण बुरशी ते स्वतः बनवत नाही. जेवढं घातलं तेवढं परत मिळालं की समजायचं वाटेत सांडलं नाही. यंत्र चालवणारे दादा शांतपणे एकेक टोक उघडून दाखवत होते. एससी 5314मध्ये एर्गोस्टेरॉल, वस्तुमान 468. पंधरा नंबरमध्ये कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे, आणि एर्गोस्टेरॉलच्या जागेच्या जरा पुढे एक उंच टोक. दादांनी त्यावर टिचकी मारली. 470.

दोनाचा फरक. दोन हायड्रोजन जास्त, म्हणजेच एक दुहेरी बंध कमी. एर्गोस्टेरॉलच्या कड्यात पाचव्या आणि सातव्या कार्बनपाशी दोन दुहेरी बंध एकाआड एक असतात. ते जोडीने असतात म्हणून अतिनील किरण शोषतात आणि बोटं दिसतात. पंधरा नंबरला पाचव्या जागेचा बंध घालताच येत नव्हता. सातवा एकटा. एकट्याची बोटं उमटत नाहीत. स्टेरॉल भरपूर होतं, फक्त आमच्या रोजच्या तपासणीला ते दिसत नव्हतं. टीएलसीवरचा डाग खरा होता.

तो बंध घालणाऱ्या जनुकाचं नाव ईआरजी 3. त्याचा क्रम काढून आणला तेव्हा मध्येच थांबायची खूण निघाली, आणि दोन्ही प्रतींत. यात बुरशीची लबाडी अशी की फ्लुकोनॅझोलने आधीची पायरी अडवली की अर्धवट स्टेरॉल साठतात, आणि ईआरजी 3 त्यांच्यावर काम करून जो पदार्थ बनवतं तो बुरशीलाच विषारी असतो. औषधाचा मार बराचसा तिथून बसतो. ईआरजी 3च मोडलं की विष बनत नाही आणि बुरशी औषधात आरामात जगते. आणि एर्गोस्टेरॉल नाही म्हटल्यावर अँफोटेरिसिनलाही चिकटायला जागा नाही. मी अँफोटेरिसिनची पट्टी लावून पाहिली. बाकीच्यांच्या ताटलीत पट्टीभोवती छान लंबगोल मोकळी जागा. पंधरा नंबर पट्टीच्या अगदी कडेपर्यंत सायीसारखी पसरलेली. मला काकांची पिवळी कुपी आठवली.

मॅडमनी रुग्णालयात फोन केला. नमुना दीड वर्षापूर्वीचा. त्यांच्याकडे नोंद होती, पण ती आम्हाला सांगायची नव्हती आणि आम्ही विचारायचीही नव्हती. त्यांनी आमचा अहवाल ठेवून घेतला.

त्या रविवारी मी चिंचवडला आजोबांकडे गेले. आईचे वडील. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटेशनला होते. 1955पासून तिथे पेनिसिलिन बनायचं. आजोबा बरेच नंतर लागले. पण तिथे जुन्या लोकांच्या तोंडी हमायसिनचं नाव कायम असायचं. 1960च्या दशकात तिथल्या संशोधकांनी, थिरुमलाचार यांच्या गटाने शोधलेलं बुरशीवरचं औषध. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीवरून. आजोबा हे आल्यागेल्याला सांगतात, जणू जिवाणू त्यांच्या गल्लीतला. हमायसिन अँफोटेरिसिनच्याच भावकीतलं. तेही एर्गोस्टेरॉललाच जाऊन धरतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. बोटं, सपाट रेघ, 468 आणि 470. वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने कडं काढून तो गायब बंध दाखवला. आजोबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे आमचंही चाललं नसतं म्हण की."

"नाही चाललं."

"हं." ते जरा हिरमुसले. मग विचारलं, "पण एवढं मोडून घेऊन जगते कशी ती?"

हा प्रश्न मॅडमनीही विचारला होता, आणि उत्तर ताटलीत होतं. धडधाकट कॅन्डिडा सीरममध्ये 37 अंशांवर ठेवली की दोन-तीन तासांत तिला कोंब फुटतात. त्या लांब तंतूंनीच ती ऊतींत घुसते. पंधरा नंबरला मी दोन तास ठेवलं, तीन ठेवलं, रात्रीपर्यंत ठेवलं. क्वचित एखादा आखूड, वाकडा कोंब. बाकी गोल पेशी तशाच गोल. औषधात ती टिकते, पण पळवलं तर दम लागतो.

"मग ठीकाय," आजोबा म्हणाले, आणि त्या कडेवरचं कडं सांभाळून कागद फाडून घेतला. शब्दकोडं मात्र त्याच्याच मागे होतं. त्यावरून आजीने मला ऐकवलं.

सोमवारी मी पंधरा नंबरच्या दोन नवीन नळ्या भरल्या, झाकणावर तारीख घातली आणि उणे ऐंशीत ठेवल्या. सोळा नंबरची मेदाम्लं राहिली होती. मामांना विचारलं, काचेच्या नळ्या किती आहेत. "बारा," ते म्हणाले, "पण गुरुवारी मी नाहीये."